उंदराची वाटेची आठवण

एकदां पाहिलेली वाट पुनः सांपडणें आपणांस इतकें सहज वाटतें, कीं त्यासाठीं मेंदूस काय करावें लागतें याचा आपण विचारही करीत नाहीं. हें कार्य समजून घेण्याच्या कामीं शास्त्रज्ञांस उंदरांचें फार साह्य झालें आहे.

इ. स. १९८१ मध्यें रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या वाटोळ्या हौदांत दूध कालवून गढूळ केलेलें पाणी भरावयाचें, व पाण्याच्या किंचित् खालीं एक लहान चौथरा ठेवावयाचा. हौदांत सोडलेला उंदीर पोहूं लागतो. चौथरा त्यास दिसत नाहीं. परंतु भोंवतालच्या खोलींतील खुणांवरून त्याची जागा तो थोड्याच दिवसांत शिकतो. मग त्यास कोणत्याही कडेनें सोडा, तो तेथेंच जातो. चौथरा काढून घेतला, तरी त्याच जागीं तो घिरट्या घालीत राहतो.

ही आठवण बनते कशी? मेंदूच्या ‘हिप्पोकॅम्पस’ नामक भागांत मज्जापेशींच्या सांध्यांवर ‘एनएमडीए’ नांवाचे ग्राही, म्हणजे रासायनिक निरोप स्वीकारणारीं सूक्ष्म द्वारें, असतात. या द्वारांत मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. एका पेशीकडून ग्लुटामेट या द्रव्याचा निरोप आला, आणि त्याच वेळीं दुसरी पेशीही उद्दीपित झालेली असली, तरच तें बूच निघतें व कॅल्शियम आंत शिरतें. त्यायोगें सांधा बळकट होतो. पुढें नवीं प्रथिनें तयार होऊन ती बळकटी टिकाऊ बनते.

१९८६ मध्यें मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं हे ग्राही बंद पाडणारें ‘एपी५’ हें द्रव्य उंदरांच्या मेंदूंत सोडलें. तेव्हां उंदीर पोहत, पण चौथऱ्याची जागा त्यांस नीट शिकतां येईना. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या दोन वस्तूंतील भेद ओळखण्यास मात्र ते शिकले. पुढें असेंही आढळलें कीं, ज्यांनीं जागा आधींच शिकून घेतली होती, त्यांस तेंच द्रव्य दिलें असतां ती आठवण पुसली गेली नाहीं. यावरून हे ग्राही आठवणींचें कोठार नसून, नवी आठवण रुजविण्याचें साधन आहेत, असें दिसतें.

अल्झायमरच्या विकारांत हिप्पोकॅम्पसला आरंभींच इजा पोंचते, आणि वृद्ध मनुष्य ओळखीची वाटही चुकूं लागतो. म्हणून हौदांतील उंदराची ही धडपड वाचकांनीं क्षुद्र समजूं नये. तिच्यांतून आपल्याच घरच्या वडीलधाऱ्यांची व्यथा समजण्याचा मार्ग निघतो.