हायस्पीड कॅमेऱ्याचं कच्चं फुटेज : उजेडाचा हिशेब कसा राखायचा?

सेकंदाला हजारो फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याची कच्ची फाइल, उदाहरणार्थ फँटम कॅमेऱ्याची सिने फाइल, उघडून बघा. तिच्यात तयार चित्र नसतं, असतात ते आकडे. कोणत्या पिक्सेलवर किती प्रकाश पडला, त्याची ही मोजदाद. 12 बिटांत ती 0 ते 4095 अशी होते. प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट, या सरळ प्रमाणालाच आपण रेषीय म्हणतो.

मग याचा थेट व्हिडिओ केला तर बिघडतं काय? पडद्यासाठीच्या चित्राला गॅमा वक्र लावलेला असतो. समजा, ज्योतीचा उजेड कमाल पातळीच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला. एसआरजीबीच्या 8 बिटी चित्रात आकडा 137 वरून 188 होतो. उजेड दुप्पट झाला, पण चित्र म्हणतं 37 टक्केच वाढला! बघायला हे ठीक आहे, मोजायला नाही.

म्हणून आपण क्रम असा ठेवतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी काळी पातळी वजा करायची. अंधारातही सेन्सर 64 दाखवत असेल, तर 464 आणि 864 यांचं खरं प्रमाण 400 ला 800, म्हणजे दुप्पट. रंगीत सेन्सर असेल तर मग बायर जाळीतून रंग काढायचे. शेवटी प्रत्येक फ्रेम क्रमांकासह 16 बिटी टिफमध्ये लिहायची.

इथे एक मेख आहे. डीसीरॉसारखा प्रोग्रॅम, आपण रेषीय 16 बिटांचा पर्याय दिला नाही, तर स्वतःच गॅमा लावतो आणि प्रत्येक फ्रेम आपल्या अंदाजाने उजळतो. मग दोन फ्रेमची तुलनाच होत नाही.

जागा मात्र भरपूर लागते. 1280 बाय 800 ची एकरंगी फ्रेम सुमारे 2 एमबी, म्हणजे 10,000 फ्रेमचे 20 जीबी. सोबत फ्रेमदर आणि एक्स्पोजर लिहिलेली साधी मजकूर-फाइल ठेवा.

सगळं जमलं का, हे कसं ओळखायचं? 50 हर्ट्झच्या विजेवरचा साधा बल्ब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, तेव्हा बॅटरीवरचा स्थिर दिवा घ्या. एकदा टिपा, मग एक्स्पोजर दुप्पट करून पुन्हा टिपा. टिफमधले आकडे कमाल मर्यादेला न टेकता दुप्पट झाले, तर हिशेब शाबूत आहे. नाही झाले, तर मोजणी सुरू करण्याआधी वाटेत वक्र कुठे शिरला ते शोधा.