दात येण्याआधीची गोष्ट

गिरगावातल्या एखाद्या चाळीत तान्ह्या बाळाच्या हिरडीला आजीचं बोट लागतं, काहीतरी टोचतं, आणि “अगं बाई, दात आला की!” ही बातमी साऱ्या मजल्यावर पसरते. बाळ तेव्हा सहा-सात महिन्यांचे असते. पण त्या दाताचा आरंभ कधी झाला, ठाऊक आहे? बाळ आईच्या पोटात जेमतेम सहा आठवड्यांचे होते, तेव्हाच!

त्या वेळी जबड्याच्या जागी पेशींचे दोन थर असतात : वरचा त्वचेसारखा, खालचा मऊ. हे दोघे शेजारी एकमेकांना निरोप धाडतात. निरोप्याचे काम करतात ती काही प्रथिने. त्यांतल्या कित्येकांना ‘वाढ-घटक’ म्हणतात. या बोलाचालीतून वरचा थर आधी कळीसारखा, मग टोपीसारखा, शेवटी घंटेसारखा होतो. टोपीच्या मध्यावर पेशींची एक बारीक गाठ बसते. गंमत अशी, की ती भोवतालच्या पेशींना ‘वाढा’ म्हणून सांगते, पण स्वतः वाढत नाही. म्हणून कडा वाढत जातात आणि दाढेचा उंचवटा घडतो. हेलसिंकीच्या संशोधकांनी हे 1994 साली दाखविले.

निरोप अडविला तर? लंडनमध्ये 1998 साली उंदराच्या भ्रूणाच्या जबड्यावर तसा प्रयोग केला, तेव्हा पटाशीच्या दाताच्या जागी चक्क दाढ घडली!

आणि निरोप पोचलाच नाही तर? सिंध मुंबई इलाख्यात होता त्या काळची, 1875 सालची गोष्ट. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत डार्विनने छापली. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस विरळ, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून जिवाचे हाल. मुली मात्र सुटलेल्या. अशा विकारामागचे ‘ईडीए’ नावाचे जनुक 1996 साली सापडले. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी, तिघांनाही त्याचाच निरोप लागतो. पुढे जर्मनीतल्या डॉक्टरांनी हे प्रथिन गर्भजलात सोडले. त्या उपचारानंतर जन्मलेल्या तीन बाळांना व्यवस्थित घाम येतो, असे त्यांनी 2018 साली प्रसिद्ध केले.

दात नुसते उशिरा आले, तर बहुधा काळजीचे कारण नसते. पण दात थोडे आणि टोकदार, केस विरळ, आणि लालबाग-परळच्या उकाड्यातही मुलाला घाम नाही, असे दिसले तर ‘येतील हळूहळू’ म्हणून थांबू नका. अशा मुलाला ताप चढतो तो जिवावर बेतू शकतो. परळला मुलांचे वाडिया रुग्णालय 1929 पासून आहे. तिथे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना वेळेवर दाखवा.