माळ, दिंडी आणि दवाखाना

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवते आणि काटेवाडीला पोचते. तिथे परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 मध्ये सुरू केलेला हा सोहळा भक्तीचा आहेच. पण माणसाचे मन आणि सवयी सावरण्याची एक जुनी, कसाला उतरलेली रीतही त्यात आहे.

दारू सुटायची तर माळ घालावी, हा सल्ला या भागात घराघरांत दिला जातो. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू आणि मांसाहार बंद, एकादशी सांभाळायची, वारी चुकवायची नाही. शपथ चारचौघांसमोर होते, त्यामुळे माळकऱ्यापुढे कुणी पेला सरकवत नाही. पूर्वी जी संध्याकाळ गुत्त्यावर जायची, ती हरिपाठाला जाते. जुन्या मित्रांच्या जागी टाळकरी येतात. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळही उघड कबुली, सोबत आणि नेमाच्या बैठका यांवरच उभी आहे.

जशी व्यसनासाठी माळ, तसे दुःखासाठी बायकांकडे दळणाचे जाते होते. सासुरवास, नवऱ्याचा मार, गेलेले लेकरू, माहेरची ओढ हे सगळे पहाटे दळताना ओवीतून बाहेर पडे आणि जात्यावर समोर बसलेली ते ऐकून घेई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. दळण गिरणीत गेले आणि पाठीचे कष्ट वाचले, पण मन मोकळे करण्याची ती हक्काची वेळही गेली.

मात्र माळ सगळे करू शकत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत डॉक्टर आणि औषध हवेच. भास होणाऱ्या माणसाला ‘बाहेरचे’ म्हणून देवळात साखळीने बांधणे तर गुन्हाच आहे. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण पळू न शकल्याने होरपळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली. अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही 2013 पासून आहे.

तरीही परंपरा आणि वैद्यक एकत्र नांदू शकतात. तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या 31 मनोरुग्णांचा मनोविकारतज्ज्ञांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाविना, मायेच्या वातावरणात त्यांची लक्षणे सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाली होती. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुवा’ उपक्रमात मुजावर दुवा देतात आणि रुग्णाला तिथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवतात. न्यूझीलंडमध्ये मेसन ड्युरी यांनी माओरींच्या धारणेनुसार शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा या चार भिंतींवर आरोग्याचे घर मांडले, आणि तिथल्या आरोग्यसेवेने ते स्वीकारले.

बारामती-इंदापुरात हे जमण्यासारखे आहे. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दिंडीचालक, कीर्तनकार, भजनी मंडळे आणि आशा सेविका यांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवावे. डॉक्टरांनीही व्यसन सुटलेल्या रुग्णाला गावातल्या हरिपाठाशी जोडून द्यावे. रुग्णाची इच्छा मात्र आधी विचारावी, कारण प्रत्येकाला माळ घालायची नसते. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. येत्या वारीत तो प्रत्येक दिंडीच्या ट्रकवर ठळक लिहावा, ही दिंडीचालकांना कळकळीची विनंती.