फ्रेंच ससा आणि मराठी टांग

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यात विषय घेतला फ्रेंच! घाटकोपरच्या आमच्या चाळीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पण बोलणार कोणाशी?" प्रश्न रास्त होता. मी मात्र ठरवले, की बोलेन ते अस्सल फ्रेंच माणसासारखे. आणि वहीत वाक्प्रचार उतरवू लागले.

पाठ करणे सोपे गेले, कारण त्यांचे भाऊबंद मराठीत सापडत. आपल्याकडे पाऊस मुसळधार पडतो, फ्रेंचांकडे दोरखंडांनी : 'इल प्ले दे कॉर्द'. आपल्या पोटात कावळे ओरडतात, त्यांना लांडग्याची भूक लागते. कोडे सुटले नाही की ते आपली जीभ मांजराला देऊन टाकतात, आणि भोवळ आलेला माणूस सफरचंदांत पडतो!

पण वाक्प्रचार कोणापुढे वापरायचा, हे वहीत लिहिलेले नव्हते. 'पोझे अं लापँ', शब्दशः 'ससा ठेवणे', म्हणजे भेटायचे ठरवून न येणे. एकदा बाई तासाला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत म्हणाले, "व्हू नूझाव्हे पोझे अं लापँ!" बाई हसून म्हणाल्या, "हेच मला मराठीत कसे सांगितले असतेस?" मी गप्प. "बाई, तुम्ही आम्हाला टांग दिलीत," असे म्हणायची माझी छाती झाली असती काय? 'व्हू' म्हणजे आदराचे 'तुम्ही', आणि ससा मित्रमंडळींतला. मी दोघांना एकाच वाक्यात कोंबले होते.

घरी आल्यावर मी आईचे बोलणे कान देऊन ऐकले. महागाईने तिची कंबर मोडते, धाकटा भाऊ नाकी नऊ आणतो, शेजारीण राईचा पर्वत करते. पण आजोबा समोर आले की तो पर्वत ती गिळून टाकते. आई चौथी शिकलेली. प्रवेशाच्या दिवशी तिने कॉलेजच्या खिडकीपाशी काही बोलू नये, असे मला वाटले होते. फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइत्वाँ मात्र हेमा राईरकर आणि सहकाऱ्यांसह अशाच बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करीत महाराष्ट्रातील खेडी फिरले. तो संग्रह १,००,००० ओव्यांच्या वर गेला.

तेव्हा मित्रहो, दहा वाक्प्रचार पाठ करण्यापेक्षा दोनच घ्या. पण ते कोण, कोणाला, केव्हा म्हणतो ते आधी ऐका. माझ्या वहीत आता 'कोणाला म्हणावे?' असा तिसरा रकाना आहे. सशापुढे लिहिले आहे : फक्त मैत्रिणींना.

(द्वितीय वर्ष, कला)