कॉलेज सोडण्याचा हिशेब



मृगाचे नक्षत्र लागले की बीदर-कलबुर्गीकडील शेतकऱ्याच्या घरात दोन खर्च एकदम उभे राहतात : एक बी-बियाण्याचा, दुसरा मुलांच्या कॉलेजचा. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. तुरीचा त्याहूनही उशिरा. शुल्क मात्र आधीच भरावे लागते. म्हणून ते पुष्कळदा अडत्याकडून उचल घेऊन किंवा बँकेच्या कर्जातून भरलेले असते. अशा घरातील मुलगा एके दिवशी म्हणतो, "अप्पा, मला हे कॉलेज पुढे करायचे नाही."

वडिलांच्या तोंडून पहिला प्रश्न पैशाचा निघतो, आणि तो स्वाभाविकच आहे. परंतु तो संतापाने विचारला गेला की मुलगा पुढे बोलत नाही. तो नुसता वर्गात जाणे बंद करतो. खरे नुकसान तेथे सुरू होते. कारण कॉलेज सोडण्याचा हिशेब तारखांवर चालतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याविषयी नियम घालून दिले. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते, तिच्यानंतर १५ दिवसांच्या आत प्रवेश रद्द केल्यास ८० टक्के शुल्क परत मिळावे, ३० दिवसांच्या आत ५० टक्के, आणि त्यानंतर काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावयाची असते. मुलाची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही आयोगाने बजावले आहे. एखाद्या वर्षी वेगळी सूचना निघते; २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण शुल्क परत देण्यास सांगितले होते. म्हणून त्या वर्षीची सूचना पाहावी, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरी बाब कर्जाची. शैक्षणिक कर्जावर मुलासोबत आई किंवा वडिलांचीही सही असते. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असते. शिक्षण थांबले की परतफेडीची मुदत अलीकडे येऊ शकते. तेव्हा बँकेची नोटीस येण्याची वाट न पाहता आपणच शाखेत जावे, पुढील रक्कम उचलू नये आणि हप्ते बांधून मागावेत. शिष्यवृत्ती असेल तर तिचेही नियम वाचावेत. काही योजनांत मध्येच शिक्षण सोडल्यास रक्कम परत मागण्याची तरतूद असते.

हा हिशेब मुलाला समोर बसवूनच करावा. आकडे त्याने स्वतः लिहावेत. त्यातला काही भाग कमावून फेडण्याचे त्याने पत्करले, तर त्याचा निर्णय किती पक्का आहे हे आपोआप दिसते. आणि कारण विषय न झेपण्याचे, भाषेच्या अडचणीचे किंवा वसतिगृहातील जाचाचे असेल, तर तेही याच बैठकीत बाहेर पडते. मग कदाचित कॉलेज सोडण्याची नव्हे, बदलण्याचीच गरज असते.

आपल्या भागाचा इतिहासही येथे आठवावा. १९३८ साली निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली आणि शेकडो विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाची कॉलेजे सोडावी लागली. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. त्यांचे कारण निराळे व मोठे होते. पण दुसरे दार शोधले गेले, म्हणून त्यांचे कॉलेज सुटले तरी शिक्षण सुटले नाही.

आज अशी दारे अधिक आहेत. आय. टी. आय. आहे, नोकरी वा शेती सांभाळून शिकण्यासाठी म्हैसूरचे व नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. गेलेले शुल्क एखाद्या सुगीत भरून निघेल. घरात खरे सांगण्याची मुलाची हिंमत एकदा गेली, तर ती कोणत्याही सुगीत परत येत नाही. ती आधी जपावी.