लोथियन, लॉर्ड

लोथियन, फिलिप हेन्री कर : (१८ एप्रिल १८८२–१२ डिसेंबर १९४०). ब्रिटिश मुत्सद्दी, संपादक व सरदार-जमीनदार. जन्म लंडन येथे कॅथलिक पंथीय स्कॉटिश सरदार घराण्यात. शिक्षण ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात. १९०५ पासून दक्षिण आफ्रिकेतील प्रशासनात त्याने काम केले. द राउंड टेबल या साम्राज्यविषयक त्रैमासिकाचा तो पहिला संपादक (१९१०–१६) आणि पुढे पंतप्रधान लॉइड जॉर्जचा खाजगी सचिव होता (१९१६–२१). प्रौढ वयात त्याने ख्रिश्चन सायन्स पंथ स्वीकारला.

१९३० मध्ये चुलत घराण्यातील दहावा मार्क्विस निवर्तल्यावर लोथियनची सरदारकी, नॉरफोकमधील ब्लिकलिंग हॉल, स्कॉटलंडमधील न्यूबॅटल ॲबी व इतर जमीनजुमला त्याच्याकडे आला. त्याबरोबर जबर वारसाकरही आला. तो भरण्यासाठी त्याने ग्रंथालयांतील दुर्मिळ ग्रंथ १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे लिलावात विकले. करभारामुळे जुने वाडे मोडीत निघतील, हे ओळखून १९३४ मध्ये त्याने ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपविण्याची योजना मांडली. तीतून १९३७ चा कायदा झाला. न्यूबॅटल ॲबी त्याच वर्षी प्रौढ शिक्षणाचे निवासी महाविद्यालय बनली. ब्लिकलिंग हॉल व साडेचार हजारांहून अधिक एकर जमीन त्याच्या मृत्युपत्रानुसार ट्रस्टला मिळाली.

पहिल्या गोलमेज परिषदेस तो उदारमतवादी प्रतिनिधी होता. भारत खात्याचा उपमंत्री असताना त्याच्या अध्यक्षतेखालील मताधिकार समितीने (१९३२) प्रौढ मताधिकार तत्काळ देणे अव्यवहार्य ठरविले. तथापि मतदारांची संख्या सु. ७० लाखांवरून ३·६ कोटींवर नेण्याची शिफारस केली. समितीचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांची व्याख्या व लोकसंख्या यांविषयी स्वतंत्र टिपण सादर केले. अस्पृश्यांची संख्या कमी दाखविली, तर त्यांचे प्रतिनिधित्वही घटेल, हा या वादाचा गाभा होता. मुक्त व्यापाराच्या प्रश्नावरून लोथियनने १९३२ मध्ये पदत्याग केला. १९३८ मध्ये त्याने सेवाग्राम येथे महात्मा गांधींची भेट घेतली.

व्हर्सायचा तह जर्मनीवर अन्यायकारक झाला, या समजुतीने तो दीर्घकाळ तडजोडीचा पुरस्कर्ता राहिला. १९३५ व १९३७ मध्ये तो हिटलरला भेटला. या भूमिकेवर कठोर टीका झाली. १९३९ मध्ये जर्मनीने प्राग व्यापल्यावर त्याने ती सोडली. त्याच वर्षी तो अमेरिकेत राजदूत झाला आणि युद्धनौकांच्या बदल्यात तळ देण्याचा करार (१९४०) घडविण्यात त्याचा मोठा वाटा होता. आजारात त्याने धर्मश्रद्धेमुळे वैद्यकीय उपचार नाकारले. वॉशिंग्टन येथे तो मरण पावला. तो अविवाहित होता. सरदारकी चुलत घराण्याकडे गेली.