गिअरबॉक्सची घरघर : बेअरिंग बदलण्याइतकेच शाफ्टची ढिलाई मोजणे महत्त्वाचे

भरलेला ट्रक घाट उतरत असताना गिअर आपोआप निसटून न्यूट्रलवर आला, तर इंजिनाचा रोध क्षणार्धात नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येऊन पडतो. गिअर असा निसटू लागला की दोष बहुधा गिअरच्या दातांत किंवा गिअर सरकवणाऱ्या फोर्कमध्ये शोधला जातो. प्रत्यक्षात त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे झिजलेली बेअरिंग आणि त्यामुळे शाफ्टला आलेली ढिलाई. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतात.

दिल्लीतील संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर असो, तामिळनाडूतील नमक्कल असो किंवा नवी मुंबईतील कळंबोली, गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग बदलणे हे ट्रक दुरुस्तीच्या वस्तीतील नित्याचे काम आहे. तरीही नवी बेअरिंग बसवलेला गिअरबॉक्स काही महिन्यांतच पुन्हा घरघरू लागल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. बेअरिंग बदलले जाते, पण ते का झिजले याचा शोध घेतला जात नाही आणि शाफ्टची ढिलाई मोजली जात नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होय.

ढिलाई कोठून येते

मागील चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनाच्या पारंपरिक गिअरबॉक्समध्ये तीन शाफ्ट असतात. क्लचकडून शक्ती आणणारा क्लच शाफ्ट, त्याच्याशी सतत जोडलेला ले शाफ्ट आणि चाकांकडे शक्ती नेणारा मेन शाफ्ट. क्लच शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकाच रेषेत असतात. मेन शाफ्टचे पुढचे टोक क्लच शाफ्टच्या पोकळीतील छोट्या बेअरिंगवर टेकलेले असते.

बहुतेक गिअरचे दात तिरके असतात. त्यामुळे आवाज कमी होतो, परंतु शाफ्टवर लांबीच्या दिशेनेही रेटा निर्माण होतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर हा रेटा एका दिशेने असतो. सोडल्यावर तो उलटतो. बेअरिंग घट्ट असेल तोवर शाफ्ट जागचा हलत नाही. बेअरिंग झिजले की रेटा उलटताना शाफ्ट पुढे-मागे सरकतो, दातांची पकड अपुरी राहते आणि गिअर निसटतो. उताराला लागल्यावर, म्हणजे नेमका इंजिनाच्या रोधाची गरज असताना, हा दोष प्रकट होतो तो यामुळेच.

आवाजावरून निदान

वाहन उभे, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लचचे पेडल मोकळे असताना घरघर ऐकू येत असेल व पेडल दाबताच थांबत असेल, तर संशय क्लच शाफ्ट किंवा ले शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. याउलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग तपासावे लागते.

इतर सर्व गिअरमध्ये आवाज आणि थेट गिअरमध्ये शांतता असेल, तर ले शाफ्टची बेअरिंग किंवा दोन शाफ्टच्या मधले छोटे बेअरिंग दोषी असण्याची शक्यता अधिक. थेट गिअरमध्ये क्लच शाफ्ट व मेन शाफ्ट एकसंध फिरतात आणि ले शाफ्टवर भार राहत नाही. वाहनाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज मेन शाफ्टच्या मागील बेअरिंगचा असू शकतो. मात्र चाकाचे बेअरिंगही तसाच आवाज करते, म्हणून ते आधी तपासणे इष्ट. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या बहुतेक मोटारींत थेट गिअर नसल्याने ही कसोटी तेथे लागू पडत नाही.

गिअरबॉक्सचे तेल काढल्यावर चुंबकीय ड्रेन प्लगवर काळसर मऊ लगदा आढळणे सामान्य आहे. चमकणारे पापुद्रे किंवा तुकडे आढळले, तर गिअरबॉक्स उघडण्यास विलंब करू नये.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

पहिले मोजमाप शाफ्ट बाहेर काढण्यापूर्वी घ्यावयाचे असते. शाफ्टच्या टोकावर डायल गेज टेकवून शाफ्ट लांबीच्या दिशेने पुढे-मागे ओढला जातो. मग गेज आडवा लावून वर-खाली होणारी हालचाल पाहिली जाते. येथे हिशेब मिलीमीटरच्या शंभराव्या भागात असतो. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलीमीटर भरते. काही गिअरबॉक्समध्ये तेवढी ढिलाईसुद्धा मर्यादेबाहेरची ठरते. म्हणून हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणे हे निदान नव्हे.

काढलेले बेअरिंग फेकण्याआधी नीट पाहावे. रेसवरून पापुद्रे सुटले असतील तर ते थकव्याचे लक्षण. निळसर-तपकिरी झाक तेलाअभावी तापल्याची. ठरावीक अंतरावरचे खड्डे ठोकाठोकीचे. गंजाचे ठिपके पाणी शिरल्याचे. कारण तसेच राहिले, तर नव्या बेअरिंगचीही तीच गत होते.

आतील रेस शाफ्टवर गरगर फिरली असेल, तर शाफ्टही झिजलेला असतो. मायक्रोमीटरने ते लगेच कळते. अशा वेळी शाफ्टवर पंचाचे ठोके मारून बेअरिंग घट्ट बसवण्याची पद्धत प्रचलित आहे. पण ते उंचवटे भाराखाली दबतात आणि ढिलाई परत येते. झिजलेली जागा धातूचा लेप देऊन अचूक मापाला ग्राइंड करणे किंवा शाफ्ट बदलणे, हेच टिकाऊ उपाय. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचा कठीण केलेला पृष्ठभाग मऊ पडू शकतो व शाफ्ट वाकू शकतो.

नवे बेअरिंग घेताना क्रमांक पूर्ण जुळला पाहिजे. ६३०८ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतील व्यास ४० मिलीमीटर मिळतो. त्यापुढील ‘सी ३’ ही खूण बेअरिंगमध्ये नेहमीपेक्षा अधिक आंतरिक मोकळीक असल्याचे सांगते. ती खूण दुर्लक्षून घेतलेले बेअरिंग जागेवर बसते, पण तापल्यावर आवळू शकते.

बेअरिंग शाफ्टवर चढवताना हातोड्याऐवजी प्रेस वापरावा आणि दाब आतील रेसवरच द्यावा. बाहेरील रेसवर दिलेला दाब गोळ्यांमधून जातो व रेसवर खड्डे पाडतो. बेअरिंग सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर ते सहज चढते. गॅसची ज्योत थेट लावणे मात्र टाळावे.

शिमचा हिशेब

टेपर रोलर बेअरिंग असलेल्या शाफ्टची ढिलाई शिम या पातळ चकत्यांनी जुळवली जाते. समजा, शाफ्ट फिरवून रोलर नीट बसू दिल्यावर गेजवर ०.३२ मिलीमीटर ढिलाई दिसली आणि निर्मात्याने ०.०५ ते ०.१० ही मर्यादा दिली आहे. शिम रेसच्या मागे बसत असेल, तर ०.२५ मिलीमीटर जाडी वाढवावी लागते; कव्हरच्या सांध्यात बसत असेल, तर तेवढीच कमी करावी लागते. उरते ती ०.०७ मिलीमीटर.

काही गिअरबॉक्समध्ये ढिलाईऐवजी किंचित आवळ ठेवण्याची सूचना असते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. २५० मिलीमीटर लांबीत ६० अंश तापमान वाढले, तर ॲल्युमिनियमचे आवरण पोलादी शाफ्टपेक्षा सुमारे ०.१६ मिलीमीटर अधिक लांबते. थंड स्थितीतील आवळ ही तफावत भरून काढते.

म्हणून ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समजही घातक आहे. बॉल बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. अकारण आवळलेले बेअरिंग रिकाम्या गाडीतही भार सोसत राहते.

जोडणीनंतर प्रत्येक गिअर हाताने फिरवून पाहावा आणि निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल ठरलेल्या पातळीपर्यंत भरावे. गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा विचार करता एकच बेअरिंग बदलण्यापेक्षा संपूर्ण संच बदलणे बहुधा स्वस्त पडते.

वाहनमालकाने काम ताब्यात घेताना तीन गोष्टी मागाव्यात : काढलेली जुनी बेअरिंग, जोडणीपूर्वीचे व नंतरचे ढिलाईचे आकडे आणि भरलेल्या तेलाची प्रत. हे आकडे बिलावर लिहिलेले असतील, तर गिअरबॉक्स पुन्हा उघडण्याची वेळ आली तरी तपास कोठून सुरू करायचा हे ठाऊक असेल.